मी स्वमग्न? छे, मी तर परमग्न!

शाळेत 'घुमी', कॉलेजात 'शिष्ट', ऑफिसात 'ॲटिट्यूडवाली'. सव्विसाव्या वर्षी एका रिपोर्टवर एक शब्द आला आणि ही सगळी जुनी लेबलं गळून पडली... म्हणजे, बऱ्यापैकी!

परवा एका मैत्रिणीच्या केळवणाला गेले होते. कोथरूडमधला टू बीएचके फ्लॅट, माणसं पस्तीस. हॉलमध्ये मोठ्यांदा गाणी, किचनमध्ये चटणीसाठी मिक्सर, मुलांची पळापळ, वर परफ्यूम, तळण आणि मोगरा यांचा एकत्र वास. पंधराव्या मिनिटाला माझ्या डोक्यात तो ओळखीचा गरगराट सुरू झाला. समोर मैत्रिणीची मावशी काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते. पूर्वीची मी असते तर 'हो हो' करत मान हलवली असती, चेहऱ्यावर एक हसू चिकटवलं असतं, तसेच दोन तास काढले असते आणि घरी जाऊन अंधार करून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहिले असते.

या वेळी म्हटलं, "मावशी, एवढ्या आवाजात मला बोललेलं कळेनासं होतं. मी दहा मिनिटं गच्चीवर जाऊन येते, मग बोलू आपण."

मावशी म्हणाल्या, "जा की. येताना वाळत घातलेले टॉवेल तेवढे घेऊन ये."

बस्स, एवढंच! आभाळ कोसळलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. हे साधं वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला सव्वीस वर्षं आणि वर एक रिपोर्ट लागला होता.

त्या रिपोर्टवर तारीख आहे जून २०२३ची आणि शब्द आहेत 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर'. मराठीत, स्वमग्नता. आता तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! चांगली बोलतेस, लिहितेस, मुलाखती घेतेस, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटर चालवतेस. "दिसत नाहीस हं अजिबात तशी!" हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याचा श्वास कुठे थांबणार तेही पाठ झालंय. बिचाऱ्यांना ते कॉम्प्लिमेंट म्हणूनच द्यायचं असतं.

दुसऱ्याची स्टोरी, माझा पत्ता

गोष्ट सुरू झाली ती एका असाइनमेंटपासून. २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिवस. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये तो ठरवला, २००८ पासून पाळला जातो आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तमाम संपादकांना त्याची आठवण होते! २०२२ मध्ये मला आठवण करून देणारा फोन आला तेव्हा मी नोकरी सोडून (खरं म्हणजे सुटून) नुकतीच फ्रीलान्स झाले होते. भाडं द्यायचं होतं. म्हटलं, करते.

एका विशेष शाळेत गेले. तिथे एका नऊ वर्षांच्या मुलीच्या आईशी बोलत होते. ती सहज म्हणाली, "कुणाच्या वाढदिवसाला जायचं असलं ना, की ही आदल्या दिवशी आरशासमोर बसून बोलण्याची प्रॅक्टिस करते. आधी तिची वाक्यं, मग समोरच्याची."

माझं पेन थांबलं. कारण त्या आईला फोन करून अपॉइंटमेंट घेण्याआधी मीसुद्धा अगदी तेच केलं होतं. आधी माझी वाक्यं, मग तिची. तिनं 'हो' म्हटलं तर काय, 'नाही' म्हटलं तर काय, फोन तिच्या नवऱ्यानं उचलला तर काय. मला वाटायचं, सगळेच करत असतील.

लेख वेळेत दिला. छापूनही आला. पण त्या रात्रीपासून मी वाचत सुटले. (एकदा एखादा विषय डोक्यात शिरला की तो संपेपर्यंत जेवणखाण सुचत नाही, हेही त्या यादीतलंच एक लक्षण निघालं!) केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ मध्ये तयार केलेली पन्नास प्रश्नांची एक चाचणी आहे, एक्यू नावाची. ३२ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे तपासणी करून घेण्यासारखं आहे असं मानतात. मला ३८. दहावीत गणितात एवढा आनंद झाला नव्हता... आणि एवढी भीतीही वाटली नव्हती.

पण बॉस, पन्नास टिकमार्क म्हणजे निदान नव्हे, हे आधीच सांगते. ऑटिझमची रक्ततपासणी नसते, स्कॅनमध्ये तो दिसत नाही. अनुभवी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तुमच्याशी तासन्‌तास बोलतात, वागणं बघतात, बालपण खणून काढतात, तेव्हा कुठे कळतं. मला सव्वा वर्ष लागलं. त्यातलं निम्मं धैर्य गोळा करण्यात, उरलेलं मोठ्या माणसांचं निदान करणारी व्यक्ती शोधण्यात. पहिल्या एका डॉक्टरांनी तर "तुम्ही डोळ्यांत बघून बोलताय, मग कसला ऑटिझम?" म्हणून पाच मिनिटांत बाहेर काढलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हतेच. दोन भुवयांच्या मधे बघत होते. आठवीपासूनची सवय.

मुलींच्या बाबतीत हे असं चुकणं नवं नाही. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या अकरा मुलांवरून ऑटिझमचं पहिलं वर्णन केलं, त्यांत आठ मुलगे होते आणि तीन मुली. पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर चित्र राहिलं ते मुलाचंच. आपल्या सिनेमावाल्यांचंही फार वेगळं नाही. 'रेन मॅन'मधला डस्टिन हॉफमन झाला, 'माय नेम इज खान'मधला शाहरूख झाला. 'बर्फी'तली प्रियांका सोडली तर मुलगी पटकन आठवत नाही. आणि मुली तर फारच लवकर शिकतात झाकायला. आपल्याकडे तर 'पाहुणे आलेत, हसून बोल' हा संस्कारच आहे. मी हसून बोलायला शिकले. इतकं छान शिकले की मलाही पत्ता लागला नाही.

तपासणीच्या वेळी आईला लहानपणच्या गोष्टी विचारायच्या होत्या. ती कराडहून एसटीनं आली ती माझी सगळी प्रगतिपुस्तकं पिशवीत घेऊन. पहिली ते दहावी. दर वर्षी वेगळ्या बाई, अक्षर वेगळं आणि शेरा जवळपास एकच. 'हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही.' सायकॉलॉजिस्ट मॅडमनी ती सगळी टेबलावर ओळीनं मांडली आणि त्या काही बोललीच नाहीत. आईही नाही.

आठवीतली वही

स्वमग्न या शब्दाशी माझं पहिल्या दिवसापासून भांडण आहे. मूळ शब्द आला ग्रीक 'ऑटोस'वरून, म्हणजे स्वतः. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी १९११ च्या आसपास तो वापरात आणला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. आपण त्याचं इमानदारीत मराठी केलं. स्वमग्न. स्वतःत बुडालेला.

अहो, मी कुठे स्वतःत बुडालेली होते? माझा सगळा जन्म दुसऱ्यांकडे बघण्यात गेला! आठवीत मी एक वही केली होती. कव्हरवर 'भूगोल' लिहिलं होतं, कुणी उघडू नये म्हणून. आत होती माणसं. कुणी नवा ड्रेस घालून आलं की त्याबद्दल बोलायचं, किंमत विचारायची नाही. 'काय, कसं काय?' हा प्रश्न नसतो, उत्तर द्यायचं नाही. 'जेवलीस का?' याचं उत्तर 'हो', काय जेवलो ते सांगायचं नाही. 'ये ना घरी कधीतरी' म्हणजे जायचं नसतं. (हा नियम एका रविवारी सकाळी दहा वाजता वर्गातल्या मुलीच्या दारात उभी राहून शिकले. तिचे वडील बनियनवर होते.) कुणी विनोद केला की इतर दोघं हसल्यावर हसायचं. रडणाऱ्या माणसाला 'का?' विचारायचं नाही, पाणी द्यायचं.

दहावीपर्यंत अशा दोन वह्या भरल्या. मास कम्युनिकेशनला आले ती याच जोरावर. गंमत बघा, मुलाखत घेणं मला मस्त जमतं. तिथे सगळं ठरलेलं असतं. मी विचारणार, तुम्ही सांगणार, एक तास, मग चहा. गप्पा मारायला सांगा, घाम फुटतो.

तेव्हा स्वमग्न नाही, परमग्न म्हणा हवं तर. दिवसभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांचं भाषांतर करत राहायचं आणि रात्री स्वतःसाठी काही शिल्लक ठेवायचं नाही. या झाकून जगण्याला संशोधक 'मास्किंग' म्हणतात आणि ते माणसाला दमवतं, आतून पोखरतं, हे आता बऱ्याच अभ्यासांत आलंय. मला अभ्यास वाचायची गरज नव्हती. पंचविशीपर्यंत मी दोनदा 'काही कारण नसताना' महिनाभर अंथरुणात काढला होता.

थोडं विषयांतर करते. पुण्याला सगळे तिरकस म्हणतात, पण कॉलेजसाठी पहिल्यांदा इथे आले आणि सदाशिव पेठेतल्या पाट्या वाचल्या तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. बेल एकदाच वाजवावी. दुपारी एक ते चार येऊ नये. इथे पत्ता विचारू नये. लोक हसतात, फोटो काढतात. मला मात्र वाटलं, अरे, ही तर माझी माणसं! जे मनात आहे ते दारावर. कराडच्या मुलीला एवढ्या आपुलकीचं स्वागत कुणी केलं नव्हतं.

लेबल नको गं बाई

रिपोर्ट हातात आल्यावर आईचं पहिलं वाक्य होतं, "हे असलं लेबल कशाला लावून घेतेस?"

म्हटलं, आई, लेबलं काय कमी होती का? घुमी, एकलकोंडी, माणूसघाणी, शिष्ट, फटकळ, अतिशहाणी. मावशी 'दगड' म्हणायची, आत्या 'मास्तरीण'. ही सगळी तुम्हीच लावलेली. हे पहिलंच असं आहे, जे मी स्वतः जाऊन, पैसे मोजून आणलंय.

तेव्हा ती गप्प बसली. रात्री भांडी घासताना पाठमोरी राहूनच म्हणाली, "माझं काही चुकलं का गं? तू लहान असताना माझी नोकरी होती. तुला जास्त घेतलं नसेल मी."

आईनं या विषयावरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. पण हाच प्रश्न जगभरातल्या आयांना छळत आलाय आणि तो कुणीतरी त्यांच्या माथी मारलेला आहे. १९५०-६० च्या दशकांत आया थंड, प्रेम न देणाऱ्या असतात म्हणून मुलं अशी होतात, अशी थिअरी जोरात होती. 'रेफ्रिजरेटर मदर' असा शब्दच निघाला होता. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं (त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता) हे सगळं जैविक आहे, आयांचा यात दोष नाही, असं मांडलं होतं. तरी ते खूळ जायला वर्षं गेली. ऑटिझम जन्माबरोबर येतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, हे आज पक्कं आहे. हे सगळं मी आईला ओट्याशी उभी राहून सांगितलं, सनावळीसकट. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आनुवंशिक म्हणजे तुझ्या बाबांकडचं."

बाबांचं नंतर सांगते.

पुढचे सहा महिने मी जे काही वागले त्याचा मला अजिबात अभिमान नाही. आधी राग आला. शाळेच्या सगळ्या बाईंचा, 'ॲटिट्यूड प्रॉब्लेम' म्हणणाऱ्या बॉसचा, स्वतःचा. मग एकदम मोकळं वाटलं आणि मी ठरवलं, आता मास्क वगैरे काही नाही, मी अशीच! झालं, सुटलेच मी. काकूंच्या हातची पुरणपोळी कडक आहे हे काकूंना सांगितलं. फोन उचलणं बंद केलं. मैत्रिणीच्या लग्नाला गेले नाही आणि कारण काय, तर 'मी ऑटिस्टिक आहे'. शेवटी सायकॉलॉजिस्ट मॅडमनीच झापलं. "निदान हे कारण सांगायला आहे, सुटका करून घ्यायला नाही. लग्नाला जाता आलं नाही, ठीक. पण तिला आधी कळवता आलं असतं." एकदम गप्प झाले मी.

यादी नको होती मला

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुठे लिहिलेली नाही. जिच्याबद्दल आहे तिला विचारूनच लिहितेय.

कॉलेजनंतर तीन वर्षं माझी एक रूममेट होती. माझी एकुलती एक मैत्रीण म्हटलं तरी चालेल. २०१९ मध्ये तिचे वडील अचानक गेले. मी तिच्याबरोबर रात्रीची बस पकडून नाशिकला गेले. घरात रडारड, माणसंच माणसं. मला काय करायचं ते सुचेना. वहीतला नियम आठवला, पाणी द्यायचं. सगळ्यांना पाणी दिलं. मग? मग मी कोपऱ्यात बसून यादी केली. मृत्यूचे दाखले किती काढावे लागतील, बँकेत काय, विम्यासाठी काय, फॅमिली पेन्शनला कुठला फॉर्म. आणि ती रडत म्हणाली, "परवाच तर बोलले होते माझ्याशी फोनवर," तेव्हा मी म्हटलं, "परवा नाही, काल. रात्री नऊ चाळीसला."

तिची काकू म्हणाली, "काय दगडाची पोर आहे!"

मैत्रीण काही बोलली नाही. पुण्याला परतल्यावर महिन्याभरात तिनं दुसरी खोली बघितली. का, ते मला कळलंच नाही. चार वर्षं! मी त्या दिवसाचे तुकडे काढून परत परत बघायचे. तारीख तर बरोबर होती. यादीही बरोबर होती.

निदानानंतर तिला एक लांबलचक पत्र लिहिलं. मेल नाही, कागदावर. माफी मागितली, पण मुख्य म्हणजे आत काय चाललं होतं ते सांगितलं. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. इतकं वाटत होतं की ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी फॉर्म मोजत बसले. चार महिने उत्तर नाही. मग एके दिवशी मेसेज आला, 'रविवारी ये. ५ वाजता. खरोखर ये.'

त्या 'खरोखर'वर मी हसले आणि मग रडले.

तिनं सांगितलं, "तुझ्या त्या यादीवर आईची पेन्शन वेळेत सुरू झाली. तो कागद अजून आहे आमच्याकडे. पण त्या दिवशी मला यादी नको होती गं."

"मग काय हवं होतं?"

"शेजारी बसायला हवं होतंस. नुसती."

"मला कसं कळणार?"

"विचारायचंस ना."

एवढं सोपं होतं? खरं सांगते, माझ्या दोन्ही वह्यांत हा नियम कुठेच नव्हता. त्या सगळ्या वह्या न विचारता ओळखायच्या होत्या. मी मोठी झाले म्हणजे काय झाले असेन, तर एवढंच. ओळखणं सोडलं, विचारायला लागले. "तुला आत्ता सल्ला हवाय की नुसतं ऐकून घेऊ?" हे वाक्य मी आता सर्रास वापरते. पहिल्यांदा लोक चमकतात. पण ट्राय करून बघा, ऑटिस्टिक नसाल तरी. निम्मी भांडणं वाचतात.

तिनंही एक कबूल केलं. तिलाही मी कधी वाचता आले नव्हते. "तू अडचणीत असायचीस तेव्हा मला वाटायचं, तुला राग आलाय." डेमियन मिल्टन नावाच्या, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश संशोधकानं २०१२ मध्ये नेमकं हेच मांडलं. दोन वेगळ्या घडणीची माणसं समोरासमोर आली की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. फक्त दोष एकीकडेच लागतो.

आम्ही पुन्हा पूर्वीसारख्या झालोत का? नाही. महिन्यातून एकदा भेटतो. ठरवून, पाच वाजता, तिच्याच घरी, टीव्ही बंद. जे आहे ते छान आहे.

ऑफिस, पोहे आणि पिवळा रंग

ऑफिसचं सांगायचं तर, ओपन ऑफिस ज्यानं शोधलं त्याला माझा दुरूनच नमस्कार! माझी शेवटची नोकरी गेली ती क्लायंटसमोर बॉसच्या स्लाइडवरचा आकडा चुकलाय हे सांगितल्यामुळे. आकडा चुकलेलाच होता. पण ते खोलीबाहेर सांगायचं असतं, हे मला खोलीबाहेर काढल्यावर कळलं.

आता नव्या संपादकांना मी पहिल्याच मेलमध्ये सांगते, ब्रीफ लिहून द्या. 'बघ गं, काहीतरी झकास कर' हे मला कळत नाही. किती शब्द, कुणाशी बोलायचं, कधी द्यायचं, एवढं कळलं की मी डेडलाइन चुकवत नाही. दोघांना हे इतकं आवडलं की ते आता सगळ्यांनाच तसं ब्रीफ देतात. एकानं काम देणं बंद केलं. कारण सांगितलं नाही, मीही कधी नव्हे ते विचारलं नाही.

नोकरीत असलेल्यांना मात्र एक माहिती हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या एकवीस प्रकारांचा समावेश आहे, त्यांत ऑटिझम आहे. म्हणजे हेडफोन लावून बसू द्या, मीटिंगचे मुद्दे आधी लिहून द्या, असं मागणं म्हणजे लाड नव्हेत. पण मागण्याआधी सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर कोण कसं वागेल याची गॅरंटी कायदा देत नाही. ज्याला त्याला आपलं ऑफिस बघून ठरवावं लागतं. मी सांगा असं म्हणणार नाही, लपवा असंही नाही.

आणि लग्न! आईचं मत, आधी होऊ दे, मग सांगू. माझं मत, पहिल्या भेटीतच. बरेच दिवस वाद चालला. तोडगा असा निघाला की बायोडेटात लिहायचं नाही, पण कांदेपोह्यांच्या वेळी मी स्वतः सांगणार. आतापर्यंत तिघांना सांगितलं. एकाचा नंतर फोन नाही. दुसऱ्यानं 'माय नेम इज खान' बघितला होता, त्यानं मला गंभीरपणे विचारलं, "मग तुम्हाला पिवळ्या रंगाची भीती वाटते का?" मी हळदी रंगाची साडी नेसून बसले होते! तिसऱ्यानं अर्धा तास प्रश्न विचारले, चांगले प्रश्न, आणि म्हणाला, मला विचार करायला वेळ लागेल. मला ते उत्तर आवडलं. त्याचा विचार अजून चालू आहे, माझाही.

सगळंच काही कान झाकून जगणं नाही हं. मी गेली दोन वर्षं ढोल पथकात आहे. तुम्ही म्हणाल, मिक्सर सोसत नाही आणि ढोल कसा सोसतो? त्याचं कारण मलाही नदीपात्रातल्या सरावात पहिल्या दिवशीच कळलं. मिक्सर कधी सुरू होईल ते माहीत नसतं. ढोलाचा ठेका ठरलेला, पुढचा ठोका कधी ते मला ठाऊक आणि तो मीच वाजवणार. पन्नास माणसांत असून कुणाशी काही बोलावं लागत नाही. याहून चांगलं गेट-टुगेदर मी बघितलेलं नाही.

आता बाबा. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कराडहून कुठे जायचं असो, किती वाजता कुठली गाडी होती ते त्यांना तोंडपाठ. त्यांचं ताट ठरलेलं, बसायची जागा ठरलेली. लग्नकार्यात ते जेवण झालं की बाहेर गाड्यांपाशी जाऊन उभे राहतात. आम्हाला वाटायचं, गाड्यांची आवड आहे.

माझा रिपोर्ट त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एका जागी बसून. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "यात निराळं काय आहे? माणसाला असंच होत असतं की."

"सगळ्या माणसांना नाही होत, बाबा."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे, माझ्या दोन भुवयांच्या मधे.

मी त्यांना डोनल्ड ट्रिपलेटबद्दल सांगितलं. कॅनर यांच्या त्या अकरांमधला पहिला मुलगा. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात तो वाढला, गावच्याच बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, देश-परदेश फिरला आणि माझा रिपोर्ट आला त्याच महिन्यात, जून २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी गेला. गावानं त्याला जसा होता तसा चालवून घेतला होता. बाबांनी एकच विचारलं, "बँकेत कुठल्या कामाला होता?" हिशेबाच्या, असं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. तपासणी करून घ्यायची का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आता कशाला? माझं टाइमटेबल बसलंय."

गेल्या दिवाळीत घरी होते. पहाटे बाबा आणि मी हॉलमध्ये आपापला पेपर घेऊन बसलेलो, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, म्हणजे सगळं उत्तम चाललं होतं. तेवढ्यात किचनमधून आईचा आवाज आला, "चटणी करायचीय. मिक्सर लावते गं! लावते हो!"

असं ओरडून सांगायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी पेपराची घडी घातली, मी माझ्या. दोघं उठलो आणि गॅलरीत जाऊन उभे राहिलो.